इटालियनची परीक्षा मजुराची, मग वेळ कोणाचा?

परदेशी भाषेचा संध्याकाळचा वर्ग म्हटला की आपल्याकडे खाऊनपिऊन सुखी माणसाचा छंद डोळ्यांसमोर येतो. इटलीतल्या सरकारी प्रौढ शिक्षण केंद्रात जाऊन पाहा. तिथे इटालियन शिकायला बसलेला माणूस शेतात, गोदामात नाहीतर दुसऱ्याच्या घरी दिवसभर राबून आलेला असतो. त्याच्यासाठी 'बी-1' म्हणजे मधली पातळी हा छंद नाही. 2018 च्या कायद्याने नागरिकत्व मागणाऱ्या बहुतेक स्थलांतरितांना या पातळीचे प्रमाणपत्र सक्तीचे केले आहे.

या पातळीला काय शिकवतात? त्याआधीच्या भाषेत हुकूम समजतो, पेट्या मोजता येतात, 'लाव्होरो' म्हणजे 'मी काम करतो' एवढे सांगता येते. बी-1 ला आपले मत कारणासह मांडायचे असते. समोरच्याने काय करावे हे सांगणारे क्रियापदाचे रूप इथेच येते, आपल्या 'द्यावे', 'करावे'सारखे. मालकाने पूर्ण मजुरी द्यावी, हे वाक्य या रूपाशिवाय धड उभे राहत नाही. रोमच्या दक्षिणेला लातिना भागात हजारो पंजाबी शेतमजूर आहेत. समाजशास्त्रज्ञ मार्को ओमिझ्झोलो त्यांच्यासोबत शेतात राबले. त्यांनी लिहून ठेवले आहे की तिथे मालकाला 'पाद्रोने', म्हणजे धनी, म्हणावे लागते. 'जोहार मायबाप'चा इतिहास असलेल्या आपल्याला हा शब्द वेगळा समजावून सांगायला नको.

भाषा आली की शोषण संपते, असे मात्र कोणी सांगू नये. जून 2024 मध्ये याच भागात सतनाम सिंग या मजुराचा हात यंत्रात तुटला. रुग्णालयात न नेता त्याला घराजवळ टाकून दिले गेले आणि तो मेला. तिथे व्याकरण कमी पडले नव्हते.

माझा आक्षेप वेगळाच आहे. राज्य परीक्षा सक्तीची करते, पण अभ्यासाचा वेळ मजुराच्या झोपेतून काढायला लावते. याच इटलीत 1973 साली धातुकामगारांच्या संघटनांनी करारात '150 तास' मिळवले होते. तीन वर्षांत 150 पगारी तास शिक्षणासाठी, आणि निदान तेवढेच कामगाराने आपल्या पदरचे घालायचे. कामगार आता काय क्लाव्हिचेम्बालो वाजवायला शिकणार, असा टोमणा मालकांच्या बाजूने आला. (हे दरबारी थाटाचे जुने वाद्य. टोमण्याची जात ओळखीची आहे ना?) संघटनांचा आग्रह होता की हे तास कारखान्याच्या कामाचे प्रशिक्षण घेण्यासाठी नाहीत, माणूस म्हणून शिकण्यासाठी आहेत. हजारो कामगारांनी त्यातून राहिलेले शालेय शिक्षण पुरे केले. पुढे गृहिणीही या वर्गांत आल्या.

त्या कामगाराने शिक्षण करारात लिहून घेतले. आजच्या स्थलांतरिताला तेच शिक्षण दारावरचा अडसर म्हणून भेटते.

जोतीराव-सावित्रीबाईंनी 1855 मध्ये शेतकरी-मजुरांसाठी रात्रशाळा काढली. आपण त्याचा अभिमान सांगतो, पण कामगाराचा दिवस तेवढाच लांब ठेवून. कंत्राटी सफाई कामगार, सुरक्षारक्षक, घरकामगार यांच्या आपल्या संघटना बोनस मागतात, गणवेश मागतात. ते मागायलाच हवे. पुढच्या मागणीपत्रात पगारी अभ्यासाच्या तासांचे एक कलम घाला, आणि तो तास कामगाराने इंग्रजीला द्यायचा, कायद्याला की हार्मोनियमला, हे त्याचे त्याला ठरवू द्या.