ठसे आपले गेले नाहीत, मशीन नापास झालंय

आजच्या नोंदीत पीक कमी आणि मशीन जास्त आहे. युरिया आणायला जाणाऱ्या प्रत्येकाचा विषय आहे, म्हणून लिहितोय.

2018 पासून देशभर अनुदानाचं खत पॉस मशीनवरूनच विकलं जातं. खुरपणी, कापूस वेचणी, उसाचं पाचट, कधी चुना-सिमेंट, यात आयुष्य गेलेला माणूस काउंटरवर बोट ठेवतो. जुळत नाही. धोतराला पुसतो, केसांवर घासून तेलकट करतो, परत ठेवतो. मग दुकानदार म्हणतो, "काका, तुमचे ठसेच गेलेत, पोराला घेऊन या." आणि माणूस मान खाली घालून माघारी फिरतो, जशी त्यानंच काही लबाडी केली. माझं भांडण इथंच आहे.

पोराचा अंगठा चालतो ना? मग मशीन नेमकं कोणाला ओळखतंय? खत कोणाला नाकारायचं नाही, असंच ही योजना सुरू करताना ठरलं होतं. आधारशिवाय किसान क्रेडिट कार्ड, मतदार ओळखपत्र चालेल असं सरकारी माहितीत लिहिलेलं. 2020 मध्ये मोबाईलवर ओटीपी घेऊन विकायची सोयही मशीनमध्ये आली. हे किती दुकानदार सांगतात? आणि गंमत बघा, अंगठा आपला, पण त्या विक्रीच्या नोंदीवर अनुदान जमा होतं खत कंपनीला. कंपनीच्या बिलाचे आपण साक्षीदार, आणि संशय साक्षीदारावर!

आता मशीन काय करतं ते समजून घ्या. बोटावरची रेघ कुठं संपते, कुठं तिला फाटा फुटतो, असे बिंदू ते शोधतं, आधार काढतानाच्या बिंदूंशी ताडून बघतं आणि गुण देतं. किती गुणांना पास करायचं हे मशीन ठरवत नाही, माणूस ठरवतो. मर्यादा खाली आणली तर परका आत शिरतो, वर नेली तर घरचाच बाहेर राहतो. दोन्ही चुका एकदम शून्य होत नाहीत, हे त्या शास्त्रातल्या सगळ्यांना माहीत आहे. परका शिरला तर सरकारचं नुकसान, म्हणून त्याचा बोभाटा होतो. घरचा बाहेर राहिला तर एक खेप, एक दिवसाचा रोज आणि चांगली ओल असताना खत चुकलेलं पीक. हे नुकसान आपलं, म्हणून ते दुकानातल्या कुठल्या वहीत चढत नाही.

कृषी विद्यापीठातले जे साहेब हे पान वाचतात, त्यांना हे लवकर कळेल. 2016 मध्ये पानाचा फोटो बघून रोग ओळखणाऱ्या प्रोग्रॅमचा एक अभ्यास गाजला होता. 54,306 फोटो, 14 पिकं, 26 रोग, आणि अचूकता 99 टक्क्यांवर. पण ते फोटो तोडलेलं पान साध्या पाटीवर ठेवून काढलेले. त्याच प्रोग्रॅमला दुसरीकडचे, वेगळ्या परिस्थितीत काढलेले फोटो दिले तर अचूकता 31 टक्क्यांवर आली. अभ्यास करणाऱ्यांनी स्वतःच ते छापलं, हा त्यांचा मोठेपणा. प्रात्यक्षिक प्लॉटचा उतारा आणि आपल्या रानातला उतारा यातला फरक आपल्याला कोणी शिकवायला नको. बियाण्याला हा प्रश्न आपण विचारतो. अंगठ्याच्या मशीनला का विचारत नाही?

जून 2025 मध्ये 'नेचर' या नियतकालिकात एक अभ्यास आला. संगणकाला बघायला शिकवणारे शोधनिबंध आणि त्यांवर उभी राहिलेली पेटंटं तपासली, तर बहुतेकांचा रोख माणसाच्या शरीरावर. पाळत ठेवायच्या पेटंटांना जोडलेले निबंध 1990 च्या दशकापेक्षा 2010 च्या दशकात पाचपट. आणि त्या निबंधांत माणसाला सर्रास 'वस्तू' म्हटलेलं असतं. वस्तू म्हटली की तिच्या रोजाचा हिशेब ठेवायला नको!

कोणी म्हणेल, अंगठ्यामुळं काळाबाजार थांबला. 2015 मध्ये सगळ्या युरियाला निंबोळी तेलाचा लेप सक्तीचा केला, तोही युरिया कारखान्याकडं वळू नये म्हणूनच. तो उपाय पोत्यावर केला, त्यासाठी कोणाचं बोट लागलं नाही.

रोजगार हमीवर बघा. 2023 पासून मजुरांची हजेरी मोबाईलवर, दिवसातून दोन फोटो. जुलै 2025 मध्ये केंद्राच्या ग्रामविकास खात्यालाच राज्यांना लिहावं लागलं, की भलतेच फोटो, फोटोचेच फोटो चढवले जातायत. चोर सापडला नाहीच. पण माती खोदून मोकळी झालेली बाई दुसऱ्या फोटोसाठी उन्हात बसून राहते. पीएम किसानच्या ई-केवायसीला आता चेहराही चालतो. बोट घासलेल्यांची सोय झाली, हे मान्य. पण तिथंही नाकारलं तर दाद कोणाकडं मागायची?

माझी मागणी साधी आहे. मशीननं नाकारलं की तारीख, वेळ, मशीनचा नंबर असलेली पावती निघाली पाहिजे. त्याच वेळी ओटीपीवर किंवा दुसऱ्या ओळखपत्रावर माल मिळाला पाहिजे. आणि तालुक्यात महिन्याला किती जण नाकारले गेले, तो आकडा पंचायत समितीच्या फळ्यावर लागला पाहिजे.

तोवर आपणच मोजू. या हंगामात ज्याला माघारी पाठवलं त्यानं खाली लिहा: तारीख, कशासाठी गेला होता, किती वेळा बोट लावलं, किती खेपा झाल्या. आधार नंबर किंवा अंगठ्याचा फोटो कोणीही टाकू नका. शंभर नोंदी झाल्या की कागदावर उतरवून तालुका कृषी अधिकाऱ्यांकडं देऊ, पोच घेऊन.