दुर्बीण, भूल आणि आमची भीती

पोलिसांच्या लाठीला आमचा कार्यकर्ता घाबरत नाही. नामांतराच्या लढ्यात डोकी फुटलेली पिढी आजही आमच्यात आहे. तहसीलदाराच्या टेबलावर हात आपटून बोलणारे, जातीयवादी पुढाऱ्याला भरसभेत प्रश्न विचारणारे लोक आम्ही जवळून पाहिले आहेत. पण डॉक्टरने ‘तोंडातून दुर्बीण घालून पोट तपासून घ्या’ असे म्हटले की हाच कार्यकर्ता सहा महिने दवाखान्याची पायरी चढत नाही. हे आम्ही दुसऱ्या कुणाबद्दल सांगत नाही. आमच्याबद्दलच सांगत आहोत.

नोव्हेंबरपासून आमच्या पोटात जळजळ होती. रात्री दोन वाजता उठून बसायचे, थंड पाणी प्यायचे, आमसुलाचे सार प्यायचे आणि परत आडवे व्हायचे. मालवणातल्या डॉक्टरांनी आधी गोळ्या दिल्या. गोळ्या थांबल्या की दुखणे परत. मग त्यांनी चिठ्ठी लिहिली: एंडोस्कोपी. ती चिठ्ठी आम्ही खिशात घातली आणि सबबी शोधायला लागलो. आधी सहा डिसेंबर आला, चैत्यभूमीला जायचे होते. मग एप्रिल आला, जयंतीची तयारी. त्यानंतर बुद्ध पौर्णिमा. चळवळीचे काम कधी संपत नाही, त्यामुळे चळवळीतल्या माणसाला दवाखाना टाळायला सबबीही कधी कमी पडत नाहीत. आम्हाला भीती वाटते, एवढे साधे वाक्य मात्र घरातही तोंडातून निघाले नाही.

याच काळात आमचा एक जुना सहकारी गेला. नाव लिहीत नाही. त्याला घास अडकायचा, वजन उतरत होते, पँट पट्ट्याने आवळून नेसायचा. त्याच्या घरी कुणीतरी कौल लावला, कुणी ‘बाहेरचे आहे’ म्हणाले. बावीस प्रतिज्ञा भिंतीवर असलेल्या घरात हे घडले, याची आम्हाला आजही लाज वाटते. पण खरे सांगायचे तर तो काही देवभोळा नव्हता. तो फक्त घाबरला होता. कौल लावण्यात चार दिवस गेले आणि ते चार दिवस त्याला हवेच होते. दुर्बीण झाली तेव्हा गाठ पसरलेली होती. आधी झाली असती तर वाचला असता का, हे आम्ही सांगू शकत नाही. पण घास अडकणे, कारण नसताना वजन घटणे, रक्ताची उलटी, डांबरासारखे काळे शौच, सतत उलट्या, रक्त कमी होऊन येणारा थकवा, यातले काहीही असेल तर थांबायचे नसते, एवढे आता आमच्या प्रत्येक वाडीला माहीत असायला हवे.

काही जण म्हणतील, बाबासाहेबांनी कुठे स्वतःच्या शरीराची पर्वा केली? हे अर्धवट वाचनाचे लक्षण आहे. मधुमेह होता, पाय इतके दुखत की झोप लागत नसे, आणि त्याच अवस्थेत संविधानाच्या मसुद्याचे काम त्यांनी केले, हे खरे. पण त्याच दिवसांत ते मुंबईला डॉ. मालवणकरांकडे उपचारासाठी जात होते, इन्शुलिन घेत होते, हेही तितकेच खरे आहे. आम्ही त्यांच्या कष्टाचे पोवाडे गातो आणि त्यांनी घेतलेले औषध विसरतो.

आता भीती नेमकी कशाची, ते बघू. आम्हाला वाटायचे, नळी घशात गेली की श्वास कोंडणार. तसे होत नाही. दुर्बीण अन्ननलिकेत जाते, श्वासनलिका वेगळी असते. करंगळीएवढ्या जाडीची लवचिक नळी, तिच्या टोकाला दिवा आणि कॅमेरा. सहा ते आठ तास पोट रिकामे ठेवायचे. कवळी असेल तर काढून ठेवायची. घशात झायलोकेनचा कडू फवारा मारतात, घसा लाकडासारखा बधिर होतो. डाव्या कुशीवर झोपवतात, दातांमध्ये प्लास्टिकचे कडे देतात आणि एकदा गिळायला सांगतात. नुसते बघायचे असेल तर पाच-दहा मिनिटांत काम होते.

एके काळी हे खरोखरच भीतीदायक होते. 1868 साली जर्मनीत कुसमाउल नावाच्या डॉक्टरने सरळ कडक नळी पोटात घालून पाहिली, तीही तलवार गिळणाऱ्या खेळगड्याच्या घशात, कारण दुसरे कोण तयार होणार? वाकणारी काचतंतूंची दुर्बीण आली ती 1957 साली, अमेरिकेत. बेसिल हिर्शोविट्झ या डॉक्टरने ती आधी स्वतःच्या घशात घालून घेतली आणि मग रुग्णाच्या. ज्या काचतंतूंवर ती उभी राहिली त्यांच्या मूळ संशोधनात पंजाबच्या मोगा येथे जन्मलेल्या नरिंदरसिंग कपानी यांचा मोठा वाटा होता. शोध लावणाऱ्याने आधी स्वतःचा घसा पुढे केला, ही गोष्ट आम्हाला फार आवडते. ‘काही होत नाही हो’ असे रुग्णाला सांगणाऱ्या प्रत्येकाने ती आठवावी.

आता मुख्य मुद्दा, भुलीचा.

पहिल्यांदा आम्ही एका खाजगी दवाखान्यात गेलो. काउंटरवरच्या मुलाने वर न बघता विचारले, ‘साधी की भूल देऊन? भुलीचे जादा पडतील.’ बस्स. जणू खानावळीत विचारावे, साधी थाळी की स्पेशल! आम्ही विचारले, दोन्हीत फरक काय, धोका काय? आत निरोप गेला, बाहेर उत्तर आले, ‘लहान मुलासारखे काय घाबरता?’ आम्ही उठून परत आलो. घाबरलो होतो म्हणून आलो की अपमान झाला म्हणून आलो, हे त्या दिवशी आमचे आम्हालाही कळले नाही. आज वाटते, दोन्ही. पण विचारणाऱ्या माणसाला उत्तर न देता लाजवून गप्प करायचे, ही पद्धत आमच्या लोकांना काही नवी नाही. शाळेत, कचेरीत, बँकेत हेच झाले.

दुसऱ्या ठिकाणच्या बाई डॉक्टरांनी दहा मिनिटे दिली. त्यांनी जे सांगितले ते वाचकांसाठी लिहितो. नुसत्या फवाऱ्यावर केली तर उमळे येतात, डोळ्यांतून पाणी येते, ढेकर येतात, लाळ गळते. सगळे कळत असते. पण संपले की तासाभरात घशाची बधिरता गेली, पाण्याचा घोट नीट गिळता आला की चहा घ्या, घरी जा. शिरेतून मिडाझोलामसारखे औषध दिले तर गुंगी येते. ती पुरी झोप नव्हे, बोललेले ऐकू येते, पण नंतर बहुतेक काही आठवत नाही. भूलतज्ज्ञ असेल तर प्रोपोफॉल देऊन अधिक गाढ झोपवतात. या औषधांनी श्वास मंदावू शकतो, रक्तातला प्राणवायू कमी होऊ शकतो, म्हणून बोटाला यंत्र लावतात, गरज पडली तर नाकाने प्राणवायू देतात. वय झालेले, दमा किंवा फुप्फुसाचा आजार असलेले, यकृत बिघडलेले, झोपेत जोरात घोरणारे आणि मध्येच श्वास अडकणारे, यांना धोका जास्त. आणि भूल घेतली तर सोबत माणूस हवाच. चोवीस तास गाडी चालवायची नाही, दारू घ्यायची नाही, कागदावर सही करायची नाही.

त्यांनी आणखी एक प्रश्न विचारला: रोज दारू घेता का? हा प्रश्न आमच्या वस्तीतल्या माणसाला विचारला की तो ‘नाही’ म्हणतो, कारण त्या प्रश्नामागे त्याला तिरस्कार ऐकू येतो. पण रोज पिणाऱ्याला गुंगीचे औषध नेहमीच्या मात्रेत पुरत नाही, किंवा तो गुंगीऐवजी उलट बिथरतो. तेव्हा भूल घेणाऱ्याने इथे खोटे बोलू नये. रक्त पातळ करण्याच्या, मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर त्याही आधी सांगाव्यात. आपल्या मनाने बंद करू नयेत.

त्रिपिटकातला जीवक वैद्य वाचकांना माहीत आहे. महावग्गात त्याची एक गोष्ट आहे. राजगृहाच्या श्रेष्ठीच्या डोक्यावर शस्त्रक्रिया करण्यापूर्वी तो त्याला खाटेला बांधतो. भूल कुठली त्या काळी! सात-सात महिने एकेका कुशीवर पडून राहशील का, असे वचन आधी घेतो आणि तीन आठवड्यांत त्याला उठवतो. श्रेष्ठीने विचारल्यावर जीवक म्हणतो, सात महिने सांगितले नसते तर तू एवढेही पडून राहिला नसतास. तोच जीवक भगवंतांना जुलाब द्यायची वेळ येते तेव्हा कडक औषध पाजत नाही, कमळांना औषध लावून नुसता वास घ्यायला देतो. माणूस बघून उपचार, हे जीवकाचे मोठेपण. पण रुग्णापासून लपवून त्याच्या भल्याचे ठरवणे, हे मात्र आम्ही त्याच्याकडूनही स्वीकारणार नाही. आज कायदाही स्वीकारत नाही. समीरा कोहली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2008 साली हे स्पष्ट केले. तपासणीसाठी भूल दिलेल्या बाईच्या आईची संमती घेऊन डॉक्टरने तिचे गर्भाशय काढले होते. न्यायालय म्हणाले, शुद्धीवर येईपर्यंत थांबता येत होते, तेव्हा आईची संमती चालणार नाही, आणि तपासणीची संमती म्हणजे शस्त्रक्रियेची संमती नव्हे. महाराष्ट्रात 2021 साली शुश्रूषागृह नियमांत दुरुस्ती होऊन रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक दवाखान्यात लावणे बंधनकारक झाले. काउंटरवर सही करायला कागद पुढे आला की आधी भिंतीकडे बघा.

आम्ही काय ठरवले? फवारा. कारण शौर्य नव्हे. आम्ही घोरतो, घरचे सांगतात मध्येच श्वास थांबतो. शिवाय त्या दिवशी सोबत कुणी नव्हते आणि एसटीने एकट्यानेच परतायचे होते. सांगितल्याप्रमाणे नाकाने श्वास घेत राहिलो, सोडताना मोजत राहिलो. आनापानसतीचे जे थोडेफार शिकलो होतो ते शिबिरापेक्षा त्या टेबलावर जास्त उपयोगी पडले. त्रास झाला नाही असे म्हणणार नाही. तीन वेळा जोरात उमळे आले, डोळ्यांतून धारा लागल्या, एकदा हात आपोआप नळीकडे गेला. सिस्टरांनी तो धरून ठेवला आणि ‘झाले, झाले’ म्हणत राहिल्या. सहा मिनिटे.

आमच्या आधी बाकावर एक काकी बसल्या होत्या. काजूच्या कारखान्यात बिया फोडणाऱ्या. हात थरथरत होते. आधी एकदा टेबलावरून उठून पळाल्या होत्या. त्यांनी डॉक्टरांना सरळ विचारले, ‘माका निजवतलास काय?’ दवाखान्याने निजवले, तपासणी झाली, बाहेर येऊन म्हणाल्या, ‘झाला काय? माका कळाकच नाय.’ त्यांचा निर्णय आमच्याइतकाच बरोबर होता, किंबहुना जास्तच, कारण त्यांनी भीती तोंडाने सांगितली. पण त्या निर्णयाची किंमत बघा. त्यांची मजुरी बुडाली, सोबत आलेल्या मुलीची बुडाली, भुलीचे पैसे वेगळे. ज्याला सोबत आणायला माणूस नाही आणि दोन मजुऱ्या बुडवायची ऐपत नाही, त्याला भुलीचा पर्याय कागदावरच असतो. दवाखान्यात त्याला ‘सहनशील’ म्हणतात. आमच्या सहनशीलतेचे कौतुक या देशात फार जुने आहे.

आणि दवाखाना तरी कुठे? या जिल्ह्यातला माणूस पिढ्यान् पिढ्या बांबोळीला, कोल्हापूरला, नाहीतर थेट मुंबईला जात आला. 2018 च्या जानेवारीपासून गोव्याच्या सरकारी रुग्णालयात बाहेरच्या रुग्णांना शुल्क लागू झाले तेव्हा दोडामार्गात लोकांनी आंदोलन केले, ते उगाच नव्हे. 2021-22 पासून सिंधुदुर्गनगरीला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. तिथे पोटाच्या दुर्बिणीसाठी भूल हवी असेल तर ती विनाशुल्क आणि विनाविलंब मिळावी, ही मागणी आमच्या निवेदनांत का नसते? पुतळा, कमान, समाजमंदिर हे सगळे असते. असावेच. भूलतज्ज्ञही असावा.

आमच्या पोटात काय निघाले? जठराच्या खाली लहानसा व्रण. तुकडा काढून पिवळ्या जेलमध्ये टाकला, तो गुलाबी झाला. म्हणजे हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू. ऑस्ट्रेलियाच्या बॅरी मार्शल या डॉक्टरने 1984 साली या जंतूचे पाणी स्वतः पिऊन दाखवले की जठराची सूज त्याने येते, आणि 2005 साली रॉबिन वॉरन यांच्यासह त्यांना नोबेल मिळाले. हा जंतू दाटीवाटीच्या घरात, अस्वच्छ पाण्याच्या वस्तीत, बहुधा लहानपणीच पोटात शिरतो. ‘तुम्ही लोक तिखट फार खाता’ असे आम्हाला आयुष्यभर ऐकवले गेले. तिखटाने व्रण होत नाही. गावकुसाबाहेरच्या पाण्याचा हिशेब आमच्या मिरचीवर मांडला गेला! दुसरे मोठे कारण वेदनाशामक गोळ्या. चिरेखाणीवर, होडीवर काम करणारी आमची मुले मेडिकलमधून गोळी घेतात आणि उपाशीपोटी गिळून कामाला लागतात. त्यांना कुणी सांगितलेलेच नाही.

चौदा दिवसांचे औषध झाले. आता रात्री झोप लागते.

शेजारच्या वाडीतल्या एका भाऊंची चिठ्ठी तीन महिने खिशात होती. गेल्या आठवड्यात ते आमच्याकडे आले, इकडचे तिकडचे बोलले आणि उठताना हळूच म्हणाले, भूल घेऊन करायची आहे पण सोबत यायला कुणी नाही. येत्या मंगळवारी सकाळच्या कसाल गाडीने आम्ही त्यांच्याबरोबर जात आहोत. त्या दिवशीची शाखेची बैठक आम्ही बुधवारी ठेवली आहे.