खडकाला बिलगलेले हाउबेर

हिमालयात देवदार आणि भूर्जाची वने खाली राहिली की वर उरतात ते उघडे खडक, आखूड गवत आणि बोचरा वारा. अशा उतारावर गुडघ्याएवढे, जमिनीलगत पसरलेले एक काटेरी झुडूप हमखास भेटते. हे जुनिपर. बर्फाचे ओझे आणि वारा सोसायचा तर अंग चोरूनच वाढावे लागते! गिर्यारोहक मात्र ते शेकोटीसाठी मोडतात. अंगठ्याएवढे खोड व्हायला तिथे काही दशके लागतात, हे त्यांच्या गावीही नसते.

यांपैकी एक जात म्हणजे आयुर्वेदातील हपुषा, हिंदीत हाउबेर. युरोपात ‘जिन’ला स्वाद येतो तो याच फळांमुळे. पण दिसेल ते जुनिपर हाउबेर नव्हे. याच कुळातले युरोपातील सॅबिना चक्क विषारी आहे. म्हणून निळे फळ दिसले की तोंडात टाकू नये. हाउबेरसुद्धा वैद्याला विचारूनच घ्यावे आणि गर्भवतींनी तर टाळावेच.

ओळखायचे कसे? आधी पान पाहावे. हाउबेरची पाने सुईसारखी टोकदार, एकाच पेरावर तीन-तीन असतात. प्रत्येक पानाच्या वरच्या बाजूला एकच रुंद पांढरा पट्टा आणि बुडाशी स्पष्ट सांधा दिसतो. हिमालयातल्याच ‘स्क्वामाटा’ जातीचीही पाने तीन-तीनच. फसगत होते ती इथे. पण तिच्या पानाचे बूड फांदीला चिकटून खाली उतरलेले असते. फळ फोडले तर तिच्यात बी एकच निघते, हाउबेरमध्ये बहुधा तीन. ‘इंडिका’ नावाच्या तिसऱ्या जातीची पाने खवल्यांसारखी दाबून बसलेली, जणू बारीक वेणीच घातली आहे. कोवळ्या फांद्यांवर मात्र तिलाही सुया येतात, तेव्हा एकाच डहाळीवरून निकाल देऊ नये.

फळ म्हणायचे ते खरे तर पाइनच्या बोंडासारखेच, फक्त त्याचे खवले मांसल होऊन एकजीव झालेले. पिकायला दोन-तीन वर्षे लागतात. त्यामुळे एकाच फांदीवर हिरवी आणि पांढुरकी साय धरलेली निळी-काळी फळे एकत्र दिसतात. एखाद्या झुडपावर फळ मुळीच नसेल तर ते नर असावे. हाउबेरमध्ये नर आणि मादी झुडपे सहसा वेगळी असतात.