‘समाजस्वास्थ्य’च्या वाचकांना विचारा

मागील अंकातील पत्रलेखकांच्या मते लिंगभाव आणि लैंगिकतेविषयीची आदराची भाषा हे पाश्चात्त्य खूळ असून ते मराठीच्या माथी मारले जात आहे.

इतिहास नेमका उलटा आहे. हिजडा समाजाला संशयित ठरवून नोंदवह्यांत डांबणारा १८७१चा कायदा साहेबाचा. समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवलेले कलम ३७७ही त्याचेच. मराठीत मात्र र. धों. कर्वे १९२७पासून ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालवत होते. वाचक बेधडक प्रश्न पाठवत आणि कर्वे तितकीच रोखठोक उत्तरे छापत. समलिंगी संबंधांसारख्या विषयांवरील अशाच उत्तरांपायी १९३४मध्ये खटला झाला. वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे. निकाल विरोधात गेला, दोनशे रुपये दंड झाला. पत्रव्यवहाराच्या सदराला हा वाद नवा नाही तो असा!

तृतीयपंथी हक्कांच्या कार्यकर्त्या लक्ष्मी नारायण त्रिपाठी यांच्या आत्मकथेच्या नावातच ‘हिजडा’ आहे, ते कसे चालते, हा पत्रातला प्रश्न मात्र दमदार. तिथे तो शब्द त्यांनी स्वतः, स्वतःसाठी निवडला आहे. भर रस्त्यात कुणी पाठीमागून फेकला, की तीच शिवी. सरकारी कागदांत ‘तृतीयपंथी’ रुळला, अनेकांना ‘पारलिंगी’ जवळचा वाटतो. उद्या तिसराच येईल. स्वतःची लिंगओळख ठरवण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ रोजीच मान्य केला आहे. मग संबोधन त्या व्यक्तीलाच विचारण्यात कमीपणा कसला?

पत्रलेखकांची एक तक्रार रास्त आहे. वृत्तपत्रे इंग्रजी संज्ञा तशाच ओततात आणि वाचक बुचकळ्यात पडतो. पहिल्या उल्लेखालाच एका वाक्यात अर्थ देणे संपादकांना सहज जमेल.