‘आधी सिद्ध करा’ म्हणणाऱ्यांस

मेंदूला इजा झालेल्या, किंवा रणातील आघाताने ज्यांची झोप आणि स्मृती कायमची विस्कटली आहे अशा माजी सैनिकांना नव्याने पुढे येणारे उपचार उपलब्ध करून द्यावेत, अशी मागणी कोणी केली की तिच्यावर निरनिराळ्या बाजूंनी हरकती घेतल्या जातात. कोणी म्हणतो, फौजी माणसाला असला आजार होतोच कसा. कोणी म्हणतो, हा आजार नसून पेन्शनची युक्ती आहे. तिसरा म्हणतो, आजार खरा असला तरी हे उपचार अजून सिद्ध झालेले नाहीत. आणि चौथा उसासा टाकून म्हणतो की, जिथे तालुक्याला साधा मानसोपचारतज्ज्ञ मिळत नाही तिथे या नवलाईच्या गोष्टी कशाला. या हरकती परस्परांशी इतक्या विसंगत आहेत की त्यांतील एक खरी मानली तर दुसरी आपोआप पडते. तथापि काहीही न करणे या एका निष्कर्षावर त्या सर्वांचे जे विलक्षण एकमत होते, ते पाहता त्यांची एकेक करून रुजुवात घालणे अगत्याचे आहे.

पहिली हरकत मनोबलाची. जालना जिल्ह्याच्या घनसावंगी तालुक्यातील जांब समर्थ या गावी ती विशेष वजनाने ऐकू येते, आणि ते स्वाभाविकही आहे. ज्या गावी समर्थ रामदासांचा जन्म झाला आणि बलोपासना हा ज्या गावाचा वारसा, तिथे मन खंबीर केलेल्या माणसाला औषध कशाला हवे, असे पारावरचा कोणीही वडीलधारा सहज म्हणून जातो. आपल्याकडे निवृत्त शिपायालाही ‘मेजर’ म्हणण्याचा एक प्रेमळ शिरस्ता आहे. पण त्या प्रेमाचा दुष्परिणाम असा की, हा मेजर रात्री दोन वाजता ओसरीत येरझारा का घालतो आणि लग्नाच्या वरातीत फटाके वाजू लागताच घरात जाऊन दार का लावून घेतो, हे विचारण्याची कोणाची छाती होत नाही. विचारलेच तर ‘बाहेरचं काही तरी आहे’ हे उत्तर तयार असते.

या हरकतीचे खंडन करण्यासाठी परदेशी ग्रंथ उघडण्याची गरज नाही. ते जांबच्याच दंतकथेत आहे. सूर्याजीपंतांच्या घरी १६०८ साली जन्मलेला नारायण, म्हणजेच पुढचे समर्थ, बोहल्यावरून निघून गेला आणि पुत्रविरहाने रडून रडून आई राणूबाईंची दृष्टी गेली, ही कथा या गावात लहान पोरालाही ठाऊक असते. ती इतिहासाच्या कसोटीला उतरो वा न उतरो, मनाचा घाव इंद्रियापर्यंत पोहोचतो हे ज्या गावाने पिढ्यान्‌पिढ्या श्रद्धेने मानले, त्या गावाने राणूबाईंच्या अंगी मनोबल नव्हते असे कधीही म्हटलेले नाही. स्वतः समर्थांनी दासबोधाच्या तिसऱ्या दशकात आध्यात्मिक, आधिभौतिक आणि आधिदैविक अशा त्रिविध तापांना स्वतंत्र समास देऊन माणसाच्या पीडांची लांबलचक यादी केली आहे. पीडेची नोंद करणे म्हणजे दुबळेपणाची कबुली, असे निदान त्यांना तरी वाटलेले दिसत नाही.

शिवाय स्फोटाने झालेल्या इजेत मनोबलाचा प्रश्न मुळातच फार थोडा असतो. सुरुंग फुटतो तेव्हा त्याची दाबलहर कवटीतून आरपार जाते. रक्त येत नाही, हाड मोडत नाही, सीटी स्कॅन पुष्कळदा निर्दोष येतो, आणि तरीही काही महिन्यांनी डोकेदुखी, प्रकाश सहन न होणे, क्षुल्लक कारणाने संताप आणि परवाचे आज न आठवणे सुरू होते. २०१६ साली अमेरिकेतील लष्करी वैद्यकीय विद्यापीठाच्या संशोधकांनी स्फोटांना सामोरे गेलेल्या मृत सैनिकांचे मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली तपासले, तेव्हा करडे आणि पांढरे द्रव्य जिथे मिळते त्या सीमेवर आणि रक्तवाहिन्यांच्या भोवती त्यांना व्रण आढळले. जिवंतपणी कोणत्याही यंत्राला न दिसलेले हे व्रण होते. प्रत्येक माजी सैनिकाच्या निद्रानाशामागे असाच व्रण असतो असे कोणीही म्हणणार नाही. भय, शोक आणि सोबत्याच्या मृत्यूचे ओझे यांनाही आपापला वाटा आहे. परंतु व्रण बरा करण्यासाठी जो मनाच्या खंबीरपणाचा उपदेश करतो, त्याने तोच उपदेश मोडलेल्या मांडीच्या हाडालाही करून पाहावा.

दुसरी हरकत अधिक धूर्त आहे, कारण ती दफ्तराच्या भाषेत बोलते. पेन्शनची युक्ती असा उघड आरोप न करता, आजार आहे हे मान्य, पण तो नोकरीमुळेच झाला हे सिद्ध करा, असे ती म्हणते. हा वाद आजचा नाही. १९१५ च्या फेब्रुवारीत चार्ल्स मायर्स या डॉक्टराने ‘लॅन्सेट’ साप्ताहिकात तोफगोळ्यांच्या धक्क्याने खचलेल्या सैनिकांवर लेख लिहिला, आणि ‘शेल शॉक’ हा शब्द रूढ झाला. त्यानंतर थोड्याच अवधीत ब्रिटिश लष्कराने या रोग्यांचे दोन वर्ग पाडले. शत्रूच्या गोळ्यामुळे झालेला तो ‘डब्ल्यू’, म्हणजे जखमी, त्याला मानचिन्ह आणि पेन्शनचा हक्क. बाकीचा तो ‘एस’, म्हणजे केवळ आजारी, त्याला दोन्ही नाही. पुढे तर हा धक्का खरोखर गोळ्यामुळेच बसला असा पलटणीच्या अधिकाऱ्याचा दाखला आल्यावाचून निदानच लिहू नये, असा हुकूम सुटला. ज्या चिखलात अधिकारीच जिवंत राहत नव्हते, तिथे दाखला मागणारे हे दफ्तर! १९१६ च्या एप्रिलात कूत-अल-अमारा येथे शरण गेलेल्या सहाव्या पुणे डिव्हिजनमध्ये मराठा पलटणीही होत्या. वेढा, उपासमार आणि कैद यांतून जे परतले ते आपापल्या खेड्यांत आले, आणि तिथे त्यांच्या आजाराला ‘डब्ल्यू’ही नव्हता आणि ‘एस’ही.

शंभर वर्षांनंतर आपल्या दफ्तरात याच वर्गीकरणाचे नवे रूप नांदते आहे. ‘लष्करी सेवेमुळे उद्भवलेला नाही आणि सेवेमुळे वाढलेलाही नाही’ असा शेरा मेडिकल बोर्डाने मारला की आजारामुळे सेवेतून काढलेला सैनिक अपंगत्वाच्या पेन्शनला मुकतो. धरमवीर सिंग या सिग्नल कोअरमधील शिपायाची कैफियत प्रत्येक माजी सैनिकाने वाचावी अशी आहे. १९८५ साली तो धडधाकट म्हणून भरती झाला, १९९४ साली अपस्माराच्या कारणाने वीस टक्के अपंगत्व लावून त्याला घरी पाठवण्यात आले, आणि पेन्शन नाकारण्यात आली. २ जुलै २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, भरतीच्या वेळी ज्या रोगाची नोंद नव्हती तो सेवेत उद्भवला असे गृहीत धरले पाहिजे, उलट सिद्ध करण्याचा भार सरकारवर आहे, आणि कारणे न देता शेरा मारणाऱ्या बोर्डाचे मत आंधळेपणाने स्वीकारता येणार नाही. एका शिपायाला मेंदूच्या एका रोगाबद्दल एवढे साधे तत्त्व मिळवण्यासाठी नोकरी संपल्यानंतर एकोणीस वर्षे लागली. २०२३ च्या सप्टेंबरात नवे हक्कनियम आले तेव्हाही सवलतींचा गैरफायदा रोखण्याचे कारण पुढे करण्यात आले. गैरफायदा घेणारे असतात, हे मी नाकारीत नाही; जिथे पैसा आहे तिथे ते असायचेच. पण खोटा दावा पकडण्याचा उपाय म्हणजे स्फोट झाला त्याच दिवशी, स्फोटापासून किती अंतरावर कोण होता, किती वेळ भान हरपले, कानातून रक्त आले की काय, याची नोंद प्रत्येक जवानाच्या वैद्यकीय पुस्तिकेत करणे हा होय. ही नोंद प्रामाणिकास तारते आणि लबाडास पकडते. ती न करता वीस वर्षांनी पुरावा मागणे, हा न्यायाचा विपर्यास आहे.

कारण या एका नोंदीवर पुढची सगळी साखळी अवलंबून आहे. नोंद नाही म्हणून अपंगत्वाची पेन्शन नाही. आणि ज्याला सेवापेन्शनही लागू झालेली नाही, त्याला सामान्यतः २००३ पासून सुरू असलेल्या ईसीएचएस या आरोग्ययोजनेचे कार्डही नाही. ज्याच्यापाशी कार्ड आहे त्याची वाट पॉलिक्लिनिकच्या रेफरलमधून आणि ठरलेल्या दरपत्रकातून जाते. दरपत्रकात जो उपचार नाही, तो त्या रुग्णाच्या दृष्टीने अस्तित्वातच नाही. गडचिरोलीत सुरुंगांना सामोरे जाणाऱ्या सी-६० या विशेष पथकाच्या पोलिसाला आणि केंद्रीय राखीव दलाच्या जवानाला तर ही योजनाच लागू नाही. स्फोटाची लहर मात्र खाकी आणि हिरवा असा भेद करीत नाही.

आता तिसरी हरकत, जिला मी सर्वांत अधिक मान देतो. उपचार सिद्ध झालेले नाहीत. सैनिकांना प्रयोगशाळेतील उंदीर करू नका. हे म्हणणारे बहुधा सज्जन आणि शास्त्र जाणणारे असतात, आणि त्यांच्या बाजूने पुरावाही आहे. उच्च दाबाच्या कक्षात शुद्ध प्राणवायू देण्याचा उपचार पाहा: अमेरिकेच्या संरक्षण खात्याने खऱ्या आणि लटक्या कक्षांची तुलना केली, तेव्हा लटक्या कक्षात बसलेले सैनिकही जवळजवळ तितकेच सुधारले. एमडीएमए या औषधाच्या साहाय्याने द्यायच्या मानसोपचाराचा डंका जगभर वाजला. २०२४ च्या ऑगस्टात अमेरिकेच्या औषधनियंत्रकांनी त्याला मंजुरी नाकारली. त्याच वर्षीच्या जानेवारीत स्टॅनफर्डच्या संशोधकांनी मेंदूला इजा झालेल्या तीस विशेष दल सैनिकांवर इबोगेन या आफ्रिकी वनस्पतिजन्य द्रव्याचा विलक्षण चांगला परिणाम झाल्याचे प्रसिद्ध केले. पण त्यात तुलनेसाठी दुसरा गटच नव्हता, द्रव्य हृदयाची लय बिघडवू शकणारे, आणि उपचार मायदेशी बेकायदेशीर असल्याने मेक्सिकोत घेतलेला. अमेरिकेतील माजी सैनिक देणग्या गोळा करून मेक्सिकोला जातात. जांबच्या माणसाला पुणे गाठता गाठता कर्ज होते.

परंतु याच यादीत दुसऱ्या प्रकारची उदाहरणेही आहेत, आणि हरकत घेणारे ती वगळतात. मानेतील स्टेलेट गँग्लियन या मज्जातंतूंच्या गुंत्याशेजारी भूल देण्याच्या साध्या औषधाची सुई टोचण्याचा उपचार घ्या. २०२० साली तीन अमेरिकी लष्करी रुग्णालयांतील ११३ सैनिकांवर त्याचे रीतसर परीक्षण प्रसिद्ध झाले. दोन आठवड्यांच्या अंतराने दोन सुया, आणि आठ आठवड्यांनी खऱ्या सुईच्या गटातील लक्षणांची घट लटक्या सुईच्या गटापेक्षा जवळजवळ दुप्पट. यात बंदी असलेले द्रव्य नाही, अमली पदार्थांच्या १९८५ च्या कायद्याची अडचण नाही, कोट्यवधींचे यंत्र नाही. सोनोग्राफीवर पाहून सुई देणारा अनुभवी भूलतज्ज्ञ पुरे. चुंबकीय लहरींनी मेंदूला चेतना देण्याचे यंत्र नैराश्यासाठी अमेरिकेत २००८ पासून मान्य आहे, आणि आपल्या मोठ्या शहरांतही ते वापरले जाते. तेव्हा ‘नवे उपचार’ या एका पोत्यात सगळे भरून पोते नाकारणे हे शास्त्र नव्हे, आळस आहे.

आणि मूळ मुद्दा असा की, ‘सिद्ध होईपर्यंत थांबा’ हे वाक्य उच्चारण्याचा अधिकार सिद्धतेचे काम हाती घेतलेल्यालाच आहे. पुण्यात १९४८ पासून सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालय आहे, त्याच शहरात दक्षिण विभागाचे कमांड हॉस्पिटल आहे, १९४४ पासून कृत्रिम अवयव केंद्र आहे, खडकीला अपंग सैनिकांना हुन्नर शिकवणारी, १९१७ साली स्थापन झालेली क्वीन मेरी संस्था आणि १९७४ पासून पाठीचा कणा मोडलेल्यांचे पुनर्वसन केंद्र आहे; मुंबईच्या अश्विनी या नौदल रुग्णालयात पाणबुड्यांसाठी दाबकक्षही आहे. हात तुटला, पाय तुटला, कणा मोडला, तर या राज्यात सैनिकासाठी उत्तम संस्था उभ्या राहिल्या. मेंदूच्या न दिसणाऱ्या जखमेसाठी त्याच तोडीचे परीक्षणकेंद्र उभारायला मनुष्यबळ आहे, नैतिक समित्यांची आणि इजेच्या भरपाईची तरतूद असलेले २०१९ चे परीक्षणनियम आहेत. उणीव आहे ती हुकमाची. सैनिकाला उंदीर करू नका, हे खरेच. पण त्याला समजावून, त्याची लेखी संमती घेऊन आणि मधूनच बाहेर पडण्याची मोकळीक ठेवून परीक्षणात सामील करून घेणे आणि त्याला वाऱ्यावर सोडणे, यांत अधिक निर्दय काय? जो वाऱ्यावर सुटतो तो शेवटी दारूचे औषध स्वतःच शोधतो, आणि त्या उपचाराचे परीक्षण कोणत्याही समितीने मंजूर केलेले नसते.

चौथी हरकत, मूलभूत सोयीच नसल्याची, लवकर निकालात काढता येईल. महाराष्ट्राची प्रादेशिक मनोरुग्णालये ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी येथे वसली; मराठवाडा त्या नकाशाबाहेर राहिला, हे खरे. पण नव्या परीक्षणाची मागणी साध्या उपचारांच्या आड येत नाही. उलट परीक्षणात प्रवेश देण्यापूर्वी आघातावरील प्रस्थापित संभाषणोपचार, झोपेचा उपचार आणि डोकेदुखीची औषधे रीतसर देऊन पाहावीच लागतात, म्हणजे नव्याच्या निमित्ताने जुनेही दाराशी येते. २०२२ साली टेलिमानस ही दूरध्वनीसेवा १४४१६ या क्रमांकावर सुरू झाली, आणि १ डिसेंबर २०२३ पासून पुण्याच्या सैनिकी वैद्यकीय महाविद्यालयात सशस्त्र दलांसाठी तिचा स्वतंत्र कक्ष चालू आहे. त्या कक्षातून परीक्षणाकडे आणि परीक्षणातून जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाकडे कागद सरकेल, अशी वाट बांधणे एवढेच काम उरते.

इथे जांबचीच एक गोष्ट सांगतो. २०२२ च्या ऑगस्टात तिथल्या राममंदिरातील प्राचीन मूर्ती चोरीस गेल्या. गाव आंदोलनाला बसले, विधिमंडळात प्रश्न निघाला, पोलिसांची पथके परराज्यांत गेली, आणि त्याच वर्षी मूर्ती परत मिळाल्या. हे यथायोग्यच झाले. शासनाने मनावर घेतले तर जांबहून निघालेला माग राज्याच्या सीमा ओलांडून शेवटास जातो, याचा तो दाखला आहे. आता शिपायाकडे पाहा: तो चाळिशीच्या आत-बाहेर निवृत्त होतो, माजी सैनिक महामंडळामार्फत किंवा आपल्या खटपटीने कुठेतरी रात्रपाळीचा सुरक्षारक्षक होतो, आणि आधीच हरवलेली झोप पगारावर विकतो. त्याच्या झोपेचा माग काढायला मात्र आजवर कोणते पथक निघालेले नाही.

तेव्हा मागणी थोडक्यात मांडायची तर ती अशी: स्फोटाची नोंद त्याच दिवशी व्हावी, नोंद नसल्याचा तोटा सैनिकाने नव्हे, सरकारने सोसावा, सुई, चुंबक आणि प्राणवायू या निरुपद्रवाच्या बाजूला झुकणाऱ्या उपचारांची परीक्षणे आधी आणि धोक्याच्या द्रव्यांची पुष्कळ नंतर, अशा क्रमाने पुण्यात सुरू व्हावीत, आणि त्यांत तिन्ही दलांच्या माजी सैनिकांबरोबर पोलीस आणि राखीव दलाचे जवानही घ्यावेत. खर्चाचे अंदाजपत्रक करणाऱ्यांना एक सूचना आहे. जांबच्या माणसाला कुंभार पिंपळगावहून एसटी पकडून, पुढे गाड्या बदलत पुणे गाठायचे आहे; गर्दीत आणि आवाजात त्याला एकट्याने बसवत नाही म्हणून बायको सोबत हवी, आणि कापूस वेचणीच्या दिवसांत तिची मजुरी बुडणार आहे. या दोघांच्या भाड्याची, मुक्कामाची आणि तिच्या बुडालेल्या मजुरीची बाब यंत्राच्या किमतीच्या वरच्या ओळीत लिहावी. ती खाली गेली तर यंत्र पुण्यात येईल आणि रुग्ण जांबलाच राहील.