चाकणच्या किल्ल्याचे धनी

मोटारींच्या कारखान्यांमुळें चाकणचें नांव आतां सर्वतोमुखीं झालें आहे. गांवांतला संग्रामदुर्ग मात्र फारसा कोणाच्या ध्यानीं येत नाहीं. हा डोंगरमाथ्यावर नाहीं. हा सपाटीवरचा भुईकोट. तट, बुरूज आणि खंदक एवढाच त्याचा आधार.

याचे धनी किती व्हावे! पंधराव्या शतकांत येथें बहामनी सरदारांचें ठाणें होतें. पुढें किल्ला निजामशाहींत गेला, आणि पुणें-सुप्याच्या जहागिरीबरोबर मालोजी भोसल्यांकडे आला. किल्लेदार फिरंगोजी नरसाळा शिवाजीमहाराजांस मिळाला, तेव्हां महाराजांनीं त्यासच तेथें कायम केलें. किल्लेदार म्हणजे कांहीं मालक नव्हे. पण चाकणचें नांव निघालें कीं आठवतो तो हाच.

१६६०च्या जूनमध्यें शाइस्तेखानानें वेढा घातला. महाराज स्वतः पन्हाळ्यावर अडकलेले. कुमक यावी कोठून? तरी भर पावसाळ्यांत पन्नासांहून अधिक दिवस किल्ला लढला. अखेर मोगलांनीं भुयार खणून सुरुंगानें बुरूज उडविला. फिरंगोजी रात्रभर त्या खिंडारांत झुंजला व दुसऱ्या दिवशीं त्यानें किल्ला दिला. खानानें देऊं केलेली चाकरी नाकारून तो महाराजांकडे परतला, आणि किल्ला गमावून आलेल्या या माणसाचा महाराजांनीं गौरवच केला. घरांतील मुलांस ही हकीकत अवश्य सांगावी.

१८१८ सालीं पेशवाईबरोबर किल्ला इंग्रजांकडे गेला. आज पडका तट, कांहीं बुरूज व खंदकाच्या खुणा उरल्या आहेत. पुण्याहून नाशिकच्या रस्त्यानें जातां चाकण वाटेंतच लागतें. उतरून पाहावयास अर्धा तास पुरे.