तरुण कृषिशास्त्रज्ञ आणि शेताचा बांध

हैदराबाद येथें १९७६ सालीं स्थापन झालेल्या राष्ट्रीय कृषि संशोधन व्यवस्थापन अकादमींत नवनियुक्त शास्त्रज्ञांस संशोधनाची आखणी, लेखन इत्यादि शिकवितात. कांहीं दिवस खेड्यांतही पाठवितात. हें स्तुत्य होय. परंतु पुढें बढतीच्या वेळीं इंग्रजी निबंधांचें वजन अधिक पडतें व बांधाची वाट बुजते. चावडींत बसून भरलेल्या पीकपाहणीस जें मोल, तेंच बांध न पाहिलेल्या निबंधास. मोहोळच्या केंद्रानें शेतकऱ्यांच्याच मालदांडींतून 'मालदांडी ३५-१' निवडली. ती ज्वारी अद्यापि पेरली जाते. म्हणून शेतकऱ्याच्या भाषेंत विचारणें, ऐकणें व लिहिणें हें कौशल्य बढतीच्या मोजमापांत यावें. आणि आपणही दारीं आलेल्या तरुणास, हा पोरगा काय सांगणार, असें म्हणून परत न धाडतां आपलें शेत मोकळेपणीं दाखवावें.